जिप्सीचं पिनियन: आधी नाक वर, मग खाली

दोन महिन्यांपूर्वी लांब शॅकल (पाट्याच्या स्प्रिंगचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) आणि एक जादा पाटा टाकून मारुती जिप्सी दोनेक इंच उचलली. तेव्हापासून घोडबंदर रोडवर पन्नास-साठला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सीटखालून गुरगुर. पाय काढला की गप्प. एका गॅरेजनं मागच्या अ‍ॅक्सलला ताकद पोचवणारा शाफ्ट बॅलन्स करून दिला, पैसे घेतले; गुरगुर होती तिथेच. बॅलन्सची थरथर पाय काढला तरी राहते, वेगाबरोबर वाढते. ही पायाच्या तालावर येत-जात होती, तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये डिजिटल अँगल मीटर घेऊन गाडीखाली शिरलो. जमिनीला उतार आहे, पण आपल्याला हवा फरक, त्यामुळे चालतं. गाडी मात्र चाकांवरच उभी हवी. जॅकवर अ‍ॅक्सल लोंबकळला की आकडे खोटे. (वॉचमन दोनदा वाकून बघून गेला, माणूस जिवंत आहे ना म्हणून.)

ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी; तिचं आउटपुट मागे 3 डिग्री खाली, शाफ्टचा उतार 8, पिनियनचं (अ‍ॅक्सलमधला गिअर, ज्याला शाफ्ट जोडतो) नाक 6 डिग्री वर. म्हणजे शाफ्टच्या पुढच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटला 5, मागच्याला 2. कोनात फिरणारा जॉइंटमधला क्रॉस शाफ्टला प्रत्येक फेऱ्यात दोनदा पळवतो, दोनदा अडवतो. दुसऱ्या टोकाला तेवढाच कोन असला तरच ते फिटतं. शाफ्टच्या टोकांचे दोन्ही योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत आहेत का तेही पाहिलं, होते. दोष शॅकलचा: पाट्याचं मागचं टोक खाली गेलं, अ‍ॅक्सल कलला, पिनियन वर बघायला लागलं.

आणि इथे मी शहाणपणा केला. ‘पिनियन ट्रान्सफर केसकडे रोखायचं’ असं कुठेतरी ऐकलं होतं. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये 2 डिग्रीची पाचर जाड बाजू पुढे ठेवून बसवली. पिनियन 8 वर, मागचा जॉइंट सरळसोट शून्य, पुढे 5 तसेच. माजिवड्याला पोचेपर्यंत थरथरीनं आरशात काही दिसेना! तो सल्ला डबल कार्डन शाफ्टचा, म्हणजे ट्रान्सफर केसकडच्या टोकाला जोडजॉइंट असलेल्या शाफ्टचा. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला पिनियन आणि आउटपुट समांतर लागतात.

पाचर उलटी केली, जाड बाजू मागे. पिनियन 4 वर आलं, गुरगुर बरीच उतरली, पण जोर दिला की कुणकुण. पाट्याच्या गाडीत जोर लागला की पाटे पीळ खातात आणि पिनियन आणखी नाक वर करतं. म्हणून उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा डिग्रीभर खालीच ठेवायचं. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमधून 4 डिग्रीच्या पाचरी पोलादात करून घेतल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या मला भरवशाच्या वाटत नाहीत. सेंटर बोल्टही लांब घेतला, नाहीतर त्याचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात पुरेसं बसत नाही.

आता पिनियन 2 वर; जॉइंट 5 आणि 6. पहाटे गायमुखपर्यंत जाऊन आलो, ऐंशीपर्यंत शांत. शंभर किलोमीटरनंतर पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळले, जवळजवळ पाव फेरा आले.

पुढच्या शॅकलनं कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागचा कल) खाल्लाय, वळणावरून स्टीअरिंग स्वतःहून परत येत नाही. आता पुढच्या पाचरींचं माप घ्यायचंय.