चिठ्ठ्या, दूध आणि मनगटातली आठ हाडं

धाकटा झाला तेव्हा परीक्षेला बरोबर अकरा महिने उरले होते. थोरली पावणेचार वर्षांची. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची शेवटची लेखी परीक्षा आधीच एकदा, थोरलीच्या वेळी, पुढे ढकलली होती. या खेपेला ती द्यायचीच, हे बाळंतपणाच्या आधीच मनाशी पक्कं केलं होतं.

मुलं झोपली की बसायचं, असा पहिला बेत होता. रात्री नऊ ते बारा. तो चार दिवस टिकला. नऊला सुरू झालेलं थोपटणं दहापर्यंत चालायचं आणि अंधारात, कुशीत ऊबदार बाळ घेऊन, माझाच डोळा लागायचा. सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा की कालचाही दिवस गेला.

मग सगळ्यांनी सांगितलं, पहाटे चारला उठ. डोकं ताजं असतं, घर शांत असतं. रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या आईला हा सल्ला देऊ नये, असं मला आता अगदी मनापासून वाटतं. मी पंधरा दिवस उठले. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, मी त्या पहाटांमध्ये निदान आठ वेळा वाचलं असेल. पानं पिवळ्या हायलायटरने भरून गेली. एका दुपारी मैत्रिणीने फोनवर सहज विचारलं, अल्नार नर्व्ह, हातातली एक नस, कुठल्या कॉर्डमधून, म्हणजे त्या जाळ्यातल्या कुठल्या जुडग्यातून, निघते? उत्तर आलं नाही. पान डोळ्यांसमोर दिसत होतं, पिवळी ओळसुद्धा दिसत होती, पण त्या ओळीत काय लिहिलंय ते आठवेना.

त्या रात्री मी रडले. आणि दुसऱ्या दिवसापासून गजर बंद केला. झोप आणि स्मृतीचं नातं मला पुस्तकातून ठाऊक होतं. जेन्किन्स आणि डॅलेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी 1924 मध्ये दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. निरर्थक अक्षरं पाठ करून झोपलं, तर जागं राहण्यापेक्षा ती जास्त लक्षात राहतात, असं त्यात दिसलं. त्यानंतर या विषयावर कितीतरी काम झालं. रुग्णांना मी स्वतः झोपेचं महत्त्व सांगत होते आणि तुटक झोपेतले शेवटचे दोन तास अभ्यासाला देत होते.

रस्ता सापडला तो चिठ्ठ्यांमुळे. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांचे तळहाताएवढे तुकडे केले. पुढे एक प्रश्न, मागे उत्तर. प्रश्न लहानच हवा. 'ब्रेकियल प्लेक्सस लिहा' असा नको, 'अल्नार नर्व्ह कुठल्या कॉर्डची?' असा. तीन रिकामे डबे घेतले. नवी किंवा चुकलेली चिठ्ठी पहिल्या डब्यात, तो रोजचा. बरोबर आलेली दुसऱ्यात, तो दर तीन दिवसांनी उघडायचा. तिथेही बरोबर आली की तिसऱ्यात, आठवड्याने. चुकली की थेट पहिल्यात परत. ही पद्धत माझी नाही. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने 1970च्या दशकात ती लोकांसमोर आणली.

बाळाला पाजताना एक हात मोकळा असतो. त्या हाताने जाडजूड पुस्तक धरता येत नाही, चिठ्ठी उलटता येते. फोनवर वाचून पाहिलं, पण त्या उजेडात पेंगुळलेलं बाळ टक्क जागं व्हायचं. म्हणून चार चिठ्ठ्या मांडीखाली दडपून बसायचे. एक काढायची, प्रश्न वाचायचा, उत्तर ओठांतल्या ओठांत म्हणायचं, मगच उलटून बघायची. पहिले काही महिने हा तळहातावर काही टेकलं की आपोआप मुठ आवळायचा. तो रिफ्लेक्स पाच-सहा महिन्यांत ओसरला आणि मग तो हवं ते मुद्दाम धरायला लागला. एकदा चिठ्ठीचा कोपरा पकडून त्याने थेट तोंडात घातला. शाई विरघळली, 'मस्क्युलोक्युटेनियस'मधला मधला भाग पुसून गेला. ती चिठ्ठी मी पुन्हा लिहिली नाही. ती नस मला आता कधीच विसरायची नाही.

एका पाजण्यात चार चिठ्ठ्या, दिवसाला सहा-सात वेळा. म्हणजे पंचवीस प्रश्न, खुर्चीवर टेबलासमोर न बसता. सुरुवातीला वाटायचं, हा काय अभ्यास झाला? पण रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006चा प्रयोग वाचला आणि धीर आला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात 56 टक्के राहिलं होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांच्या 42 टक्के. लहान मुलांच्या आईकडे वाचनाला लागतो तसा सलग वेळ नसतो. आठवायला मात्र तुकडा पुरतो. कपडे वाळत घालताना, आंघोळीचं पाणी तापेपर्यंत, पोर दाराशी बसून स्वतःच बूट घालायचा हट्ट करत असेल तेव्हा.

सगळंच तुकड्यांत होतं असं मात्र नाही. मोठी उत्तरं लिहायचा सराव तुकड्यांत होत नाही. त्याला तीन तास सलग लागतात, आणि ते कुणीतरी आपल्याला द्यावे लागतात. मी कितीतरी महिने नवऱ्याला आडून आडून सुचवत होते, उसासे टाकत होते, आणि त्याला कळलं नाही म्हणून मनात कुढत होते. शेवटी एका रात्री सरळ म्हटलं, "शनिवार-रविवार तीन-तीन तास मला घराबाहेर हवेत. तू दोघांना बघ. मधे फोन करू नकोस." तो म्हणाला, "एवढंच ना? आधी का नाही बोललीस?" तेव्हापासून मी बंद ओपीडीतल्या टेबलावर बसून जुने पेपर सोडवायला लागले. घराबाहेर जाणं गरजेचंच होतं. दाराआड बाळ रडलं की मन तर थांबत नाहीच, दूधही थांबत नाही. नुसत्या आवाजाने पान्हा फुटतो.

थोरलीबद्दल लिहिताना अजून जड जातं. एका संध्याकाळी तिने बाहुलीला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि बोटाने दटावत म्हणाली, "आता गप्प. आईचा अभ्यास चाललाय." माझाच सूर, माझेच शब्द. त्या दिवशी ठरवलं, ती बोलत असताना खिशातून चिठ्ठी काढायची नाही. एकदाही नाही. दोन कामं एकदम केली की माझी चिठ्ठी अर्धी राहायची आणि तिचं बोलणंही.

उलट मग तिलाच अभ्यासात घेतलं. झोपायच्या आधी ती हात पुढे करायची आणि मी निळ्या स्केचपेनने तिच्या मनगटावर आठ हाडं काढायचे, चार-चारच्या दोन रांगा. प्रत्येक हाडाचं नाव मोठ्याने. तिला गुदगुल्या व्हायच्या, रांग वाकडी व्हायची, मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा तिने विचारलं, "ही सगळी माझ्या हातात आहेत?" मी सांगितलं, आहेत, पण काही अजून कूर्चेचीच आहेत, मऊ. जन्मल्यावर बाळाच्या मनगटाच्या एक्स-रेत या आठांपैकी सहसा एकही दिसत नाही. काही महिन्यांत कॅपिटेट आणि हॅमेट दिसू लागतात, मग वर्षांमागून वर्षं एकेक. पिसिफॉर्म सगळ्यात शेवटी. ती आपल्या मनगटाकडे बराच वेळ बघत राहिली.

परीक्षेच्या दिवशी धाकटा अकरा महिन्यांचा होता. जाणं-येणं धरून पाच तास. दूध पिळायला पाच मिनिटं एखादी खोली मिळेल का, म्हणून केंद्रावर आठवडाभर आधी विचारलं होतं. तशी सोय नाही, इतकंच उत्तर आलं. मी बाथरूममध्ये उभ्याने दूध काढलं आणि ओतून दिलं. पिळलेलं दूध खोलीच्या तापमानाला साधारण चार तास चांगलं राहतं हे माहीत होतं, पण तिथे डबा ठेवायला स्वच्छ जागाच नव्हती. ते दूध ओतताना मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. परीक्षेला बसणाऱ्यांत तान्ह्या मुलांच्या आया असणारच, हे कुणाच्या मनात कसं येत नाही? पेपरच्या तिसऱ्या तासात छाती दगडासारखी झाली होती.

दुसऱ्या भागात एक प्रश्न होता, पॅराशूट प्रतिक्रिया आणि तिचं महत्त्व. चिठ्ठी आठवायची गरजच पडली नाही. नवव्या महिन्यात हा माझ्या मांडीवरून पुढे झेपावला होता, मी कमरेला धरेपर्यंत त्याचे दोन्ही हात पुढे आले होते, बोटं फाकलेली, तळवे जमिनीकडे. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास येते, जन्मभर राहते, एकाच बाजूचा हात पुढे आला तर दुसऱ्या बाजूच्या कमजोरीचा विचार करायचा. मी दीड पान लिहिलं, आणि लिहिताना मला त्याचे ते फाकलेले तळवे दिसत होते.

निकाल अजून लागायचा आहे. चिठ्ठ्यांचे डबे माळ्यावर टाकले. काल रात्री थोरलीने स्वतःच स्केचपेन आणून हात पुढे केला. मी म्हटलं, "अगं, परीक्षा झाली." ती म्हणाली, "माझी नाही झाली," आणि बोट ठेवत सुरू झाली, स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म. तिथे थांबून विचारलं, "आई, हे कधी येणार?"

"तू नऊ-दहा वर्षांची झालीस की."

"तेव्हा पण काढशील?"

मी पेनाचं टोपण काढलं.