चोडण आणि करमळी: उडते पक्षी, फ्रेम आणि क्रॉप

जानेवारीत दोन सकाळी मी आणि मावसभाऊ उडत्या पक्ष्यांचे फोटो काढायला गोव्यात फोंड्याहून अंधारातच निघालो, पहिल्या दिवशी मांडवी नदीतलं चोडण बेट आणि दुसऱ्या दिवशी करमळीचं तळं. चोडणला जायला रायबंदरच्या धक्क्यावरून फेरी घ्यायची, पलीकडे उतरलं की डॉ. सालिम अली अभयारण्य जवळच. आम्ही छोटी होडी ठरवली होती. भरती-ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा, भरतीला होडी खारफुटीच्या आत शिरते आणि ओहोटीला चिखल उघडा पडला की बगळे, तुतारी (चिखलातले छोटे पक्षी) वगैरे चरायला खाली उतरतात.

पहिल्या दिवशी माझं चुकलं ते सांगतो, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. ब्राह्मणी घार समोर घिरट्या घालत होती, मी झूम लेन्स ४०० मिमीवर नेऊन तिला फ्रेमभर धरली, आणि तिने मासा उचलायला पंख पूर्ण उघडले तेव्हा दोन्ही टोकं बाहेर गेली. तांबूस पाठ, पांढरं डोकं, नखांतून ठिबकणारं पाणी, सगळं लख्ख आलंय पण पंखच कापलेत! जास्तीची जागा नंतर कापता येते, कापलेला पंख परत आणता येत नाही. मी हळहळत बसलो तर होडीवाले म्हणाले, "बाब, मातशें राव, ती परत येतली." (जरा थांबा, ती परत येईल.) आणि खरंच आली. तोवर मी झूम २५० वर आणला होता.

माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४०००. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तरी ३००० बाय २००० उरतात, ए४ प्रिंट त्यात छान निघते. म्हणून घेताना फ्रेम सैल ठेवा, पक्षी मधे राहिला तरी चालेल, फोकस हलत्या पक्ष्यावर सतत राहील असा ठेवा आणि शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. मागे गर्द खारफुटी असेल तर कॅमेरा उजेड वाढवतो आणि घारीचं पांढरं डोकं जळतं, म्हणजे नुसतं पांढरंफटक दिसतं, म्हणून मी एक्स्पोजर (फोटोतला उजेड) कमी करून उणे ०.७ वर ठेवलं होतं. आणि होडीच्या कडेवर कोपर टेकवू नका, इंजिनची थरथर थेट लेन्समध्ये येते.

वाऱ्याचं मात्र नीट लक्षात घ्या. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतात आणि उतरतातही तसेच. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचा वारा जमिनीवरून, पूर्वेकडून येतो आणि ऊनही तिकडूनच, त्यामुळे सूर्य पाठीशी घेऊन उभं राहिलं की पक्षी तुमच्याकडे तोंड करून उठतो आणि डोळ्यात चमक येते. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, तेव्हा पश्चिम पाठीशी घ्या.

करमळीला स्टेशनजवळच्या तळ्यावर अडई बदकांचा थवाच्या थवा उठला. थव्याचा क्रॉप, म्हणजे फोटो कडेने कापणं, वेगळा. मधे फट दिसेल तिथेच कापायचं, कडेला अर्धं बदक ठेवायचं नाही, आणि लांबट १६:९ बरा दिसतो. एकट्या पक्ष्याला मी मूळचं ३:२ प्रमाणच ठेवतो, चोचीपुढे मागच्यापेक्षा दुप्पट मोकळं, आणि खाली झेपावत असेल तर ती मोकळी जागा खाली, म्हणजे तो कुठे निघालाय ते कळतं. आधी पाण्याची रेघ सरळ करा, मग कापा, कारण फोटो फिरवला की कोपरे जातात आणि नेमका पंखाजवळचाच कोपरा जातो.

घारीचा दुसरा फोटो मी आधी अगदी घट्ट कापला होता. भाऊ म्हणाला, अरे दादा हा कुठलाही असू शकतो, चोडण कुठाय यात? मग खारफुटीची मुळं आणि मांडवीच्या पाण्यातली तिची सावली परत आत घेतली, घार लहान झाली खरी, पण आता तोच फोटो भिंतीवर लावलाय.