नवा चढाईपटू कोणत्या खांद्यावरून वळतो?

थंडी पडली की ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे आणि कळवा, खारीगाव, दिवा इथल्या मैदानांवर दिवे लागतात आणि कबड्डीचे सामने सुरू होतात. दर हंगामात एखादा नवा चढाईपटू पुढे येतो. पहिले दोन सामने तो गाजवतो आणि तिसऱ्या-चौथ्या सामन्यापासून त्याच्या चढाया रिकाम्या जायला लागतात. बघणारे म्हणतात, पोरगं दमलं. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. समोरच्या बचावाला त्याची सवय कळलेली असते.

नव्या गड्याकडे ताकद असते, वेग असतो, पण हत्यारं दोन-तीनच असतात आणि त्यातलं एकच त्याच्या पूर्ण भरवशाचं असतं. ते हत्यार तो कधी काढतो, कोणत्या पायाने काढतो आणि काढून झाल्यावर कोणत्या बाजूने परततो, या तीन गोष्टी कळल्या की पकड बांधता येते. यातल्या तिसऱ्या गोष्टीकडे आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. माझ्या मते पकडीचा पाया तिथेच आहे.

आधी मैदानाचं माप पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा आणि मध्यरेषेपासून अंतिम रेषा ६.५ मीटरवर. आता चढाईपटू पकडला गेला आणि त्याने मध्यरेषेकडे अंग झोकून दिलं, तर पायापासून बोटांच्या टोकापर्यंत तो साधारण सव्वादोन मीटर पोचतो. म्हणजे बोनस रेषेवर त्याचा घोटा हातात आला, तर तो पडल्यावरही मध्यरेषा अडीच मीटर लांब राहते. निदान रेषेवर धरला तर दीड मीटर. आणि मध्यरेषेपासून दोन मीटरवर धरलात तर तुम्ही त्याला धरलेलंच नाही. तो पडता पडता रेषेला हात लावतो आणि पकडायला गेलेले सगळे बाद होतात. त्यामुळे पकड खोलवर व्हायला हवी, आणि खोलवर पकडायचं तर तो वळायच्या आधी किंवा वळतानाच पकडायला हवं.

आता वळणं जवळून बघू. समजा, नवा गडी बचावाच्या डाव्या कोपऱ्यावर चढाई करतोय. म्हणजे तो कोपरा त्याच्या उजव्या हाताला आहे. पायाने गडी टिपायचा प्रयत्न केला आणि आता त्याला परत फिरायचं आहे. तो दोन प्रकारे फिरू शकतो. डाव्या खांद्यावरून फिरला तर फिरताना त्याचं तोंड मैदानाच्या आतल्या बाजूला येतं. मध्यरक्षक, म्हणजे कोपऱ्यांच्या आतले बचावपटू, त्याला दिसतात, पण पाठ कोपरारक्षकाकडे जाते. उजव्या खांद्यावरून फिरला तर तोंड लॉबीकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्याकडे, आणि पाठ मध्यरक्षकांकडे. पहिल्या प्रकारात पकड कोपरारक्षकाची: मागून कंबर किंवा मांडी. दुसऱ्या प्रकारात मध्यरक्षकाने धडक देऊन त्याला बाहेर ढकलायचं, कारण तो आधीच बाजूच्या रेषेजवळ आहे आणि येणारा माणूस त्याला दिसत नाही.

मुरलेला चढाईपटू दोन्हीकडून फिरतो. नवा एकाच खांद्यावरून फिरतो, कोपरा बदलला तरी. त्यामुळे एका कोपऱ्यावर तो आत तोंड करून परततो आणि दुसऱ्या कोपऱ्यावर बाहेर तोंड करून. एका बाजूला तो नेहमी सुटतो आणि दुसऱ्या बाजूला थोडा अडखळतो, ते यामुळेच. फिरताना ज्या पायावर तो भार देतो तो पाय क्षणभर जमिनीला खिळतो. मांडी पकडायची ती याच पायाची. हवेतला पाय धरायला गेलं तर तो झटकून काढता येतो, भार असलेला नाही.

आपल्याकडे अजून मातीवर खेळतात याचा इथे फायदा आहे. पाणी मारून दाबलेल्या मातीवर फिरणाऱ्या पायाचा चवडा अर्धगोल खूण सोडतो. चढाई संपली की कोपरारक्षकाने दोन सेकंद खाली बघावं. खूण बोनस रेषेच्या पुढे आहे की मागे, डाव्या पायाची आहे की उजव्या, हे तिथे लिहून ठेवल्यासारखं दिसतं. तीन चढायांच्या खुणा एकाच हातभर जागेत आल्या तर समजा, तो पावलं मोजून खेळतोय. मॅटवर ही सोय नाही, आणि बुटांची पकड चांगली असल्याने वळणंही झटपट होतं; तिथे मोबाइलवरच भिस्त.

मोबाइलचं सांगायचं तर, चित्रण बाजूने करू नका. बाजूने पाय दिसतात पण दिशा कळत नाही. बचावाच्या अंतिम रेषेमागे, शक्यतो खुर्चीवर उभं राहून, मधोमध धरा. हल्ली बऱ्याच स्थानिक स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसतात. तेही चालतं, वेग ०.२५ वर आणून बघा. आठ-दहा चढाया पुरतात. प्रत्येक चढाईच्या ओळीत एवढंच लिहा: कुठून शिरला, पुढचा पाय कोणता, पहिला हल्ला कितव्या सेकंदाला, कोणावर, हाताने की पायाने, कोणत्या खांद्यावरून फिरला. तिसरी चढाई, म्हणजे दोन रिकाम्या चढायांनंतरची जिच्यात गुण घेतलाच पाहिजे ती, वेगळ्या पानावर लिहा. नवा गडी त्या चढाईत नवं काही करून बघत नाही. सगळ्यात भरवशाचं हत्यार तिथे बाहेर येतं, त्यामुळे तिसऱ्या चढाईची चार टिपणं इतर दहांपेक्षा जास्त सांगून जातात.

चढाईतल्या ३० सेकंदांतही सवय असते. काही पोरं सात-आठ सेकंदांत हल्ला करून मोकळी होतात. काही वीस सेकंद नुसती हुलकावणी देत फिरतात आणि घड्याळ आठवलं की घाईने शिरतात. दुसऱ्या प्रकारातला गडी वीस सेकंदांपर्यंत निरुपद्रवी असतो. तोवर बचावाने पाय हलते ठेवायचे, पुढे जायचं नाही. दमाकडेही कान ठेवा. 'कबड्डी कबड्डी' एका लयीत चाललेलं असतं आणि हल्ल्याच्या आधी पुष्कळ नव्या पोरांचा आवाज चढतो किंवा लय तुटते. डोळ्यांवर मात्र विसंबू नका. एकीकडे बघून दुसरीकडे हात मारणं हे पोरं पहिल्याच वर्षी शिकतात. कमरेकडे बघा, कंबर वळल्याशिवाय पाय लांब जात नाही.

बोनसवर जगणाऱ्या गड्याचा हिशोब वेगळा. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. एक पाय बोनस रेषेपलीकडे आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे त्या क्षणी त्याचा सगळा भार एकाच, पुढच्या पायावर असतो. घोटा धरायचा तो तेव्हा, आधी नाही. कोपरारक्षकाने दोन्ही हात टाचेमागे एकमेकांत गुंतवायचे, खांदा नडगीला लावायचा आणि डोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचं. डोकं आत राहिलं तर त्याचा गुडघा कानशिलावर बसतो.

इथे बरेच संघ बोनस वाचवण्यासाठी कोपरा मागे दाबून उभा करतात आणि गडी मोकळा परत जाऊ देतात. मला हे पटत नाही. बोनस घेतल्यावर पकडला गेला तर त्याला एक गुण, आपल्याला एक गुण आणि तो बाहेर. बोनसने त्यांचा बाद झालेला कोणी उठत नाही, पकडीने मात्र आपला एक बाद गडी उठतो. ज्या संघाची सगळी चढाई एका नव्या पोरावर चालते, तो संघ त्याला बाहेर बसवून किती वेळ खेळेल? तेव्हा बोनस द्या आणि गडी घ्या. शिवाय आपले पाचच गडी उरले की बोनस बंद होतो, आणि बोनसवर वाढलेल्या पोराला हाताने किंवा पायाने गडी टिपावा लागतो. तो किती तयार आहे हे तेव्हा कळतं.

सवय कळली की सापळा. सापळा म्हणजे त्याला हवी असलेली गोष्ट थोडी सोपी करून देणं. उदाहरणार्थ, तो डाव्या कोपऱ्यावर पायाने हल्ला करून आत तोंड करून फिरतो असं वहीत आलं. मग डावा कोपरारक्षक नेहमीच्या जागेपेक्षा अर्धं पाऊल पुढे आणि जरा सुस्त उभा राहतो. त्याच्या शेजारचा साखळीतला गडी हात सोडत नाही, पण वजन मागच्या पायावर ठेवतो. डावा मध्यरक्षक नेहमीच्याच जागी. चढाईपटूचा पाय निघाला की कोपरारक्षक पाय वाचवत मागे येतो, आणि गडी फिरायला लागला की मागून कंबर घेतो. मध्यरक्षक त्याच्यानंतर, एका ठोक्याच्या अंतराने, समोरून छाती लावून अडवतो. तिसरा, पलीकडचा मध्यरक्षक, गड्याकडे धावत नाही. तो गडी आणि मध्यरेषा यांच्या मधली जागा बंद करतो. शेवटचा हात तिथेच लांबतो.

बिघडतं ते याच क्रमात. मध्यरक्षकाला राहवत नाही आणि तो कोपऱ्याच्या आधी सुटतो. आत तोंड करून फिरणाऱ्या गड्याला तो समोरच दिसतो, गडी त्याला हात लावून बाजूने निघतो. दुसरी चूक, कोपरारक्षक आमिष दाखवायच्या नादात इतका मोकळा उभा राहतो की नव्या पोरालाही शंका येते. अर्धं पाऊल म्हणजे अर्धंच. तिसरी, मागे येता येता टाच अंतिम रेषेबाहेर जाते. बोनस रेषेमागे जागा फक्त १.७५ मीटर आहे हे अंगात भिनायला हवं. चौथी लॉबीची. स्पर्श किंवा झटापट झाल्याशिवाय लॉबी खेळात येत नाही. स्पर्श न होता चढाईपटू तिथे गेला तर तो बाद आहे, त्याच्यामागे धावू नका. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताचा पवन सेहरावत स्पर्शाशिवाय लॉबीत गेला, इराणचे बचावपटू त्याच्यामागे गेले, आणि कोणता नियम लावायचा यावर सामना बराच वेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ जिंकला. गावच्या स्पर्धेत एवढा वेळ वाद ऐकायला कोणी थांबणार नाही. पंच कोणता नियम लावणार ते सामन्याआधी विचारून घ्या.

सरावात आपल्यातल्याच एकाला तो चढाईपटू करा. त्याचाच पुढचा पाय, त्याचाच खांदा, त्याचेच सेकंद. रोज पंधरा-वीस चढाया, सामन्याआधी तीन दिवस. मात्र चारपैकी एका चढाईत त्याला मनासारखं करायची मुभा द्या. ही मुभा नसेल तर बचावपटू गड्याकडे न बघता आठवणीवर खेळायला लागतात, आणि सामन्यात त्याने एकदा वेगळं केलं की दोन गडी फुकट जातात.

सवय माहीत असणं म्हणजे पकड झालीच असं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. चढाईपटू प्रदीप नरवालची डुबकी सगळ्या देशाला माहीत होती, तरी २०१७ च्या प्रो कबड्डीत त्याने चढाईचे ३६९ गुण घेतले. डुबकी तो स्वतःहून आधी काढत नसे. साखळी छातीच्या उंचीवर बंद झाली की तो हातांखालून जायचा. म्हणजे त्याची चाल बचावाच्या चालीनंतर ठरायची. असा गडी सापळ्यात येत नाही. तिथे एकाने खाली बसकं राहून पाय धरायची तयारी ठेवणं एवढंच हातात असतं. नव्या पोराची चाल मात्र शिरण्याआधीच ठरलेली असते, आणि आपण फायदा घेतो तो त्याचा.

सापळा पहिल्याच चढाईला खर्च करू नका. पकडला गेलेला गडी बाहेर बसून विचार करतो, त्याचा प्रशिक्षकही त्याला सांगतो. जिथे अव्वल पकडीचा नियम आहे तिथे आपले तीन किंवा कमी गडी असताना पकडीचे दोन गुण मिळतात. तीन गड्यांत जमणारा एक सापळा, म्हणजे कोपरा, मध्यरक्षक आणि रेषा बंद करणारा, त्या वेळेसाठी राखून ठेवा.

आणि मध्यंतरानंतर वही पुन्हा उघडा. अंगणं, म्हणजे संघांच्या बाजू, बदलतात. पूर्वार्धात नवा गडी सतत उजव्या हाताला जात होता आणि उत्तरार्धाच्या पहिल्या दोन चढायांत डाव्या हाताला गेला, तर ती त्याच्या पायाची सवय नव्हती. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला दिव्याचा झोत डोळ्यांवर येत असेल, किंवा दव पडून माती निसरडी झाली असेल, आणि तो ती बाजू टाळत असेल. अशा वेळी सापळाही कोपरा बदलून लावावा लागतो. म्हणून त्या दोन चढाया नुसत्या जाऊ द्या, आमिष दाखवू नका, फक्त खांदा बघा.