रापणीच्या फोटोतली माणसे

मालवणच्या जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत काही फोटो सापडले. बहुतेक फोटो स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर ताठ बसलेल्या माणसांचे आहेत. किनाऱ्यावरचा मात्र एकच आहे आणि गेला महिनाभर माझे मन त्यातच गुंतले आहे. मागे सिंधुदुर्गाचा तट दिसतो, पुढे वाळूत पाय रोवून माणसे दोर ओढत आहेत आणि डाव्या कडेला रिकामी पाटी घेतलेली एक बाई समुद्राकडे पाहते आहे.

ही रापण. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढून आणायची, अशी ही आम्हा गाबितांची सामुदायिक मासेमारी. जाळ्याचे तुकडे घरोघरचे असतात आणि मासळीचे वाटेही सगळ्यांत पडतात.

फोटोच्या मागे नाव नाही की तारीख नाही. तो थोरल्या आत्याच्या हातात दिला, तेव्हा चेहऱ्यांआधी तिची नजर जाळ्यावर गेली. "ह्या जाळा कापसाचा," ती म्हणाली, "नायलॉनचा न्हय." सुती जाळे कुजू नये म्हणून ते झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून वाळवत असत आणि त्या काढ्याचा गडद रंग कृष्णधवल फोटोतही लपत नाही. नायलॉनची जाळी किनाऱ्यावर रुळली ती १९६० नंतर, म्हणजे फोटो बहुधा त्याआधीचा. पाटीवाली बाई माझी पणजी, हे आत्याने तिच्या उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखले.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली. आपल्या दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून चौकटीच्या काचेला चिकटतो. आजोबांचा फोटो मी ओढून काढला आणि त्यांचा उजवा गाल काचेवरच राहिला. त्याची खंत मला फार आहे. असे चिकटलेले फोटो न सोडवता काचेवरूनच टिपून घ्यावेत, हे मला नंतर कळले.

रापणीच्या फोटोमागे आता मऊ पेन्सिलीने, न दाबता, पणजीचे नाव आणि आत्याला आठवलेली तीन नावे लिहिली आहेत. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटू शकते, म्हणून पेन्सिल. बाकीचे सगळे पाठमोरे आहेत. त्यांतल्या एकाने डोक्याला पंचा बांधला आहे आणि दोर डाव्या खांद्यावर घेतला आहे. असा दोर घेणारे घराणे देवबागेत होते, असे आत्या म्हणते. येत्या रविवारी फोटोची प्रत घेऊन मी तिकडे जाणार आहे.