तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्सिजन लागत असताना बाळ घरी का आणलं?

भेटायला येणारे जवळजवळ सगळेच हे विचारतात. ‘अजून थोडे दिवस रुग्णालयातच ठेवायचं होतं, इतकी घाई कशाला केलीत?’ कुणी काळजीने विचारते, तर कुणी पैसे संपले का, हेही हळूच विचारून घेते. आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन चहा ठेवायला आत जात आले. आता एकदाच सविस्तर लिहिते.

घाई झाली नव्हती. सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसांत वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, पुरते तयार झालेले नसतात. व्हेंटिलेटर आणि सीपॅप (नाकावाटे हवेचा सतत दाब देणारे यंत्र) अशा बाळाला जगवतात. पण यंत्राच्या त्याच दाबाने आणि त्याच ऑक्सिजनने कोवळ्या फुफ्फुसांना इजाही होते. तिला बीपीडी (ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेजिया) म्हणतात. ती इजा एका झटक्यात भरून काढणारे औषध नाही. बाळ वाढते तसे नवे वायुकोश तयार होतात आणि ही वाढ जन्मानंतर निदान दोन-तीन वर्षे चालू राहते. त्यासाठी वजन वाढायला हवे, आणि रक्तात ऑक्सिजन कमी पडला तर पोटात गेलेले दूध अंगी लागत नाही, कारण सारी शक्ती श्वास ओढण्यातच जाते. माझ्या मुलीच्या नाकाशी असलेली मिनिटाला अर्ध्या लिटर ऑक्सिजनची धार तेवढ्यासाठी आहे. त्या टप्प्यावर रुग्णालयात तिला याहून वेगळे काही मिळणार नव्हते. उलट जंतुसंसर्गाची भीती मात्र तिथे अधिक होती.

मला वाटते, तुमच्या प्रश्नामागे 2021 चा, कोविडच्या दुसऱ्या लाटेचा उन्हाळा आहे. त्या एप्रिल-मेमध्ये ज्यांच्या घरात आमच्यासारखा कॉन्सन्ट्रेटर (ऑक्सिजन देणारे यंत्र) आला, त्यांतल्या कितीतरी घरांतून माणूस गेला, आणि तेव्हापासून त्या यंत्राचा आवाज ऐकला की लोकांच्या चेहऱ्यावर तीच कळा येते. माझ्याही येत असे. पण ते यंत्र खोलीतल्या हवेतला नायट्रोजन बाजूला काढून उरलेला ऑक्सिजन नळीत सोडते, एवढेच त्याचे काम आहे. ते शेवटासाठीच आणले जाते, हा अर्थ आपण त्याला त्या वर्षी दिला.

डिस्चार्जचा विषय निघाला तेव्हा मीही तुमच्याच बाजूची होते. ‘आम्ही वाईला राहतो, रात्री काही झालं तर पुण्यापर्यंत कसं पोहोचायचं?’ असे मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत होते. त्यांनी उत्तर दिले नाही. आम्हा दोघांना शिकवले. गालावर चिकटपट्टी लावून नळी कशी बसवायची, ऑक्सिमीटरचा आकडा 93 च्या खाली गेला तर आधी काय पाहायचे, श्वास थांबलाच तर काय करायचे त्यासाठी सरावाच्या बाहुलीच्या छातीवर दोन बोटांनी किती दाब द्यायचा, हे आमच्याकडून करवून घेतले. वीज गेली तर म्हणून बी-टाइप सिलिंडर घ्यायला लावला. त्यात सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो आणि आमच्या धारेला तो दोन दिवस पुरतो. तरीही तेव्हाची मी मनातून हटले नव्हते. तिचे म्हणणे असे, की शिकवलेले हात वेगळे आणि आईचे घाबरलेले हात वेगळे. तिला मी अजूनही पूर्ण खोडून काढू शकलेले नाही.

आणि आता त्या दिवसाबद्दल, कारण त्याचीच गोष्ट तुमच्यापर्यंत अर्धवट पोहोचली आहे.

यजमानांच्या आत्या गावाहून मुद्दाम बाळाला न्हाऊ घालायला आल्या होत्या. त्यांच्या हाताखालून घरातली सगळी मुले गेली आहेत, यजमानसुद्धा. न्हाणे छान झाले. चेहऱ्याला तेल लावायचे नाही, हेही त्यांनी मुकाट्याने मान्य केले. मी बाळाला पुसून नळी पुन्हा बसवत होते, तेवढ्यात त्या शेगडी घेऊन आत आल्या. गोवरीचे निखारे, वर ओवा, वावडिंग, लसणाची सालं. धुरी.

मी ओरडले. ‘आत्या, मागे व्हा, आत आणू नका!’

त्या दारातच थांबल्या. धूर मात्र आत आला. मुलीचा आकडा 95 वरून उतरत 86 वर गेला आणि ऑक्सिमीटर वाजू लागला. यजमानांनी त्यांच्या हातातून शेगडी जवळजवळ ओढून घेतली आणि अंगणात नेली. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो कपड्यांत, दुपट्यात मुरतो आणि मग एक ठिणगीही भडका उडवायला पुरते. हे मी त्यांना नंतर सांगितले. त्या क्षणी सांगायला वेळ नव्हता. मी खिडक्या उघडल्या, बाळाला उभे धरले, आणि काही मिनिटांनी आकडा वर आला.

आत्या पलंगाच्या कडेला बसून राहिल्या होत्या. ‘चाळीस वर्षांत माझ्या हातून एका लेकराला काही झालं नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या. मी काय बोलणार होते? ती धुरी त्यांच्या परीने औषधच होती. संध्याकाळच्या एसटीने त्या गेल्या आणि बारशालाही आल्या नाहीत. मी त्यांना हाकलले, असे नात्यात सांगितले जाते. मी हाकलले नाही. मी ओरडले, आणि तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा ओरडेन. त्यांचा फोन येत नाही, याचे दुःख मला रोज होते, हेही खरे आहे.

मग हे सारे रुग्णालयात घडले असते का? नसते. तिथे शेगडी दारापर्यंतही आली नसती. तुमच्या प्रश्नातला हा भाग मी नाकारू शकत नाही. पण तिथे ती माझ्या कुशीत रात्रभर झोपलीही नसती. घरी आल्यापासून तिचे वजन चढते आहे आणि आता दिवसा काही तास ती नळीशिवाय राहते. झोपेत मात्र ऑक्सिजन लागतोच. घरी आणले म्हणून हे झाले, असा दावा मी करत नाही. कदाचित तिथेही झाले असते. डॉक्टरांनी आज पुन्हा तोच पर्याय समोर ठेवला, तर एखाद्या सकाळी मी लगेच हो म्हणेन आणि एखाद्या रात्री आणखी आठवडाभराची मुदत मागेन.

तुम्ही येणार असाल तर जरूर या. साबणाने हात धुवा, सर्दी-खोकला असेल तर तो बरा होईपर्यंत थांबा, आणि औक्षणाचे निरांजन बाहेरच्या खोलीतच राहू द्या.