सँडहिल्समधली कालवडपारख

अमेरिकेतल्या ओमाहा शहराहून व्हॅलेंटाइन हे गाव गाडीने पाच तासांवर. वाटेत ओनील मागे टाकलं की मक्याची शेतं हळूहळू विरळ होतात आणि नेब्रास्काच्या सँडहिल्स सुरू होतात. वाळूच्याच टेकड्या, पण गवताने घट्ट धरून ठेवलेल्या. नांगर लावला की वाळू मोकळी होते, म्हणून इथे गुरंच. एकटी चेरी काउंटी कनेटिकट राज्याहून मोठी, आणि तासभर गेलं तरी माणूस दिसत नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर तिथे आहे. एप्रिलअखेरीस तिची आई म्हणाली, "कालवडी निवडायच्यात, बघायला ये." मी लगेच निघाले. कऱ्हाडजवळच्या आमच्या गोठ्यात वडिलांना कालवड पारखताना बघत मी मोठी झाले. कातडी चिमटीत धरून बघायची, शेपटीचा गोंडा, खूर, अंगावरचे भोवरे.

इथल्या अँगस गाईंचं दूध कुणी काढत नाही, ते सगळं वासराचं. सहा-सात महिन्यांनी वासरं आईपासून तोडतात. खोंड मांसासाठी जातात आणि कालवडींतल्या मोजक्या कळपात राहतात, म्हाताऱ्या आणि भाकड गाईंच्या जागी. आमच्याकडे हा हिशेब कुणी असा उघड बोलत नाही. इथे बोलतात, आणि मला ते प्रामाणिक वाटलं.

त्या दिवशी साठ कालवडी होत्या, ठेवायच्या चाळीस. मला वाटलं आता गोठणीत उभं राहून बघायचं. मैत्रिणीच्या आईंनी आधी खिशातली वही काढली. कडा मळलेल्या, पानाला शेणाचा डाग. "जनावर नंतर बघ. आधी ही कधी जन्मली ते बघ." विणीच्या हंगामाच्या पहिल्या 21 दिवसांत जन्मलेल्या कालवडींपुढे खूण होती. गणित त्यांनी बोटांवर मांडून दाखवलं. गाय साधारण 283 दिवस गाभण असते. वर्षाला एक वासरू हवं, तर व्यायल्यावर पुन्हा गाभण राहायला उरतात 82 दिवस. पहिल्या वेताला उशीर करणारी पुढच्या वेतालाही मागे सरकते, आणि एका हिवाळ्याआधी रिकामी सापडते. लवकर जन्मलेली कालवड मात्र मे-जूनमध्ये फळवायच्या वेळेपर्यंत वयानेही पुढे असते आणि माजावरही आलेली असते. वहीत तिच्या आईचीही नोंद होती: दर वर्षी व्यायली का, कास कशी, माणसावर धावून येते का. खाण तशी माती, दुसरं काय!

मग एकेक कालवड खोड्यात आली. डॉक्टर बाईंनी खांद्यापर्यंतचा हातमोजा घातला आणि आतून गर्भाशय चाचपून 1 ते 5 गुण दिले. 1 म्हणजे अजून पोरच, 5 म्हणजे माजाचं चक्र सुरू. कमरेच्या हाडांतली वाट मोजली, अरुंद असेल तर पहिल्याच वेताला वासरू अडतं. उजव्या कानात ब्रुसेलोसिसच्या, म्हणजे गाभ पाडणाऱ्या सांसर्गिक रोगाच्या, लशीचा केशरी बिल्ला. फळवताना वजन पूर्ण वाढीच्या 60 ते 65 टक्के हवं हा जुना दंडक, पण नेब्रास्का विद्यापीठाच्या प्रयोगांत 50-55 टक्क्यांच्या कालवडीही चांगल्या फळल्या, म्हणून इथे हिवाळ्यात भारी खुराक घालत नाहीत.

मी मैत्रिणीच्या आईंना भोवऱ्यांचं सांगितलं तेव्हा त्या हसतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "टेंपल ग्रँडिन यांनीही हेच बघितलंय." ग्रँडिन म्हणजे जनावरांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञ. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या वर असलेली गुरं खोड्यात जास्त बिथरतात, असं त्यांच्या 1995 च्या अभ्यासात आढळलं होतं. वडिलांचे शुभ-अशुभ भोवरे वेगळे, तरी मला फार बरं वाटलं.

वहीत एका नोंदीवर आडवी रेघ होती. "जुळी. बरोबर खोंड." ती मागच्याच हिवाळ्यात विकलेली. पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं, खोंडाचे संप्रेरक कालवडीत जातात, आणि अशा दहांतल्या नऊ तरी जन्मभर वांझ राहतात.

मला आमची चांदी आठवली. बाजारातून आणलेली, देखणी, तुकतुकीत. तीन वर्षं खुराक खाल्ला, कधी माजावर आली नाही. वडिलांनी नवस केले, औषधं केली, आईने स्वतःच्या हाताने भिजवलेली पेंड घातली.

रात्री त्यांना फोन केला. भारतात सकाळ होती, धारा नुकत्याच झाल्या होत्या.

"आप्पा, चांदीबरोबर खोंड जन्मलं होतं का?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मागे बादली ठेवल्याचा आवाज आला.

"विचारायचं सुचलंच नाही बघ," ते म्हणाले. "मी तिचा गोंडाच बघत बसलो होतो."