आमची वाटचाल : बोअरच्या मोटारीपासून पूलच्या फिल्टरपर्यंत

सांगलीत घरामागं स्वीमिंग पूल असणारी माणसं अशी असतात तरी किती, असं आम्हाला अजून विचारतात. फार नाहीत. पण तासगावकडचे द्राक्षबागायतदार, विश्रामबागेतले बंगले आणि हरिपूर रस्त्याची फार्महाऊस धरली, तर पूलचे पंप आणि फिल्टर हलवणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या फर्मचं वर्ष निघतं.

मूळ धंदा बोअरमधल्या सबमर्सिबल मोटारी काढायचा. तिपाई, चेन पुली, पट्टे, पाइप धरायचे क्लॅम्प आणि दमाची पोरं, एवढंच भांडवल. पूलचं पहिलं काम आलं तेही बोअरच्याच गिऱ्हाइकाकडून. त्यांना फिल्टरच्या जागेवर खोली बांधायची होती. म्हणाले, "दोनशे फुटांवरनं मोटार काढताय, मग ही टाकी पलीकडच्या कोपऱ्यात ठेवायला काय लागतंय?"

टाकी बघितली तर फायबरची, गोल, कमरेएवढी. रिकामी असेल तर एक माणूस उचलेल. पण तिच्या पोटात पाणी गाळायची सिलिका वाळू असते. चोवीस इंची फिल्टरमध्ये दीडशे किलोच्या आसपास, आणि ती ओली. पाणी आणि टाकी धरून वजन दोनशेच्या पुढंच जातं. मदतीला मार्केट यार्डातला, हळदीची पोती वाहण्यात हयात गेलेला मुकादम आणला होता. त्यानं टाकीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मालक, पोत्याला धरायला कान असत्यात. हिला काय धरायचं?"

खरंच काही नसतं. वर मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची, म्हणजे पाण्याची वाट बदलायच्या दांड्याच्या व्हॉल्व्हची, मान दिसते आणि प्रत्येकाचा हात दोर बांधायला तिकडंच जातो. ती मान वाळूचं ओझं पेलायला केलेलीच नसते. तळाशी वाळूखाली लॅटरल असतात, बारीक चिरा असलेल्या प्लास्टिकच्या नळ्या. टाकी भरलेली असताना आडवी केली की वाळू सरकते आणि नळ्या मोडतात. मोडल्याचं त्या दिवशी कळत नाही. पंप सुरू झाल्यावर पूलच्या तळाला वाळू दिसू लागते तेव्हा कळतं.

म्हणून आमच्याकडं नियम एकच, आधी वाळू बाहेर. पंप बंद, वीज तोडलेली, दोन्हीकडचे बॉल व्हॉल्व्ह बंद, मग खालचा ड्रेन प्लग काढून पाणी सोडायचं. व्हॉल्व्ह उतरवला की मधल्या उभ्या पाइपचं तोंड लगेच चिकटपट्टीनं बंद करायचं, नाहीतर उपसताना वाळू त्यातून खाली उतरते. उपसायचं मगानं. फावडं आत घालायचं नाही. कंटाळवाणं काम आहे. गिऱ्हाईक खुर्ची टाकून बघत बसतं आणि यात कसब काय असा चेहरा करतं. नव्या जागी टाकी लेव्हलमध्ये बसवून आधी अर्धी पाण्यानं भरायची, मग वाळू ओतायची, म्हणजे लॅटरलवर ती थेट आदळत नाही. शेवटी बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं, मग रिन्स, म्हणजे सुलट पाण्यानं धुऊन ते बाहेर सोडणं, आणि त्यानंतरच दांडा फिल्टरवर ठेवून चालू. मल्टिपोर्टचा दांडा पंप चालू असताना फिरवायचा नाही, हे आम्ही पंपाशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून येतो.

वाळूवरून एक भांडण ठरलेलं. "कृष्णेची वाळू चाळून घाला की, सिलिकाचे पैसे कशाला?" नदीच्या वाळूत माती असते, कणही लहानमोठे. आम्ही अर्ध्या ते एक मिलिमीटरची सिलिकाच घालतो. ज्यांना पटत नाही ते दुसऱ्याकडं जातात.

धंदा खऱ्या अर्थानं फिरला तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. स्वीमिंग पूल बांधणारे पंपाची खोली जमिनीखाली, खड्ड्यात काढतात. त्यात चूक नाही. पंप पूलच्या पाण्याच्या पातळीखाली असला की कायम भरलेला राहतो, हवा धरत नाही. पण नदीकाठच्या गावात पुराचं पाणी सगळ्यात आधी त्याच खड्ड्यात शिरतं. पूर ओसरल्यावर सांगलीवाडीपासून हरिपूरपर्यंत फोन सुरू झाले. सगळ्यांचं म्हणणं एकच, सगळं उचलून वर घ्या. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आलं, तेव्हा आधी नको म्हणणारेही आले.

इथं आमचं मत गिऱ्हाइकाला सहसा आवडत नाही. फिल्टर हलवायची दरवेळी गरज नसते. वाळूनं भरलेली टाकी पुरात जागची हलत नाही. गाळ शिरला तर वाळू बदलता येते. बुडून नुकसान होतं ते मोटारीचं आणि विजेच्या पॅनेलचं. तेव्हा पॅनेल वरच्या मजल्याच्या भिंतीवर न्यायचं आणि पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पाइप न कापता सोडवता येणारे जोड, बसवून द्यायचे. नदीची पातळी वाढू लागली की वीज बंद करायची, वायर सोडवायची, युनियन ढिले करायचे आणि पंप जिन्यावरून वर. घरातल्या दोन माणसांना जमतं.

ज्यांना पंप कायमचा चौथऱ्यावर हवा असतो त्यांना आम्ही आधी अंतर मोजून दाखवतो. पंप पाण्याच्या वर गेला की तो सेल्फ प्रायमिंगच, म्हणजे हवा काढून स्वतः पाणी ओढून घेणारा लागतो, ओढीच्या बाजूला पाणी मागं जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लागतो, आणि ती लाइन मध्येच कमानीसारखी वर चढवून खाली आणली तर तिथं हवा अडकते. कोपरे जितके कमी तितकं बरं. एका बंगल्यात दुसऱ्या कुणीतरी पंप गच्चीवरच नेऊन ठेवला होता. तिथं मालकीणबाई रोज सकाळी बादलीनं पंप भरायच्या. आम्ही तो खाली, जोत्याच्या उंचीला आणला.

आता पोरं तीच आहेत, तिपाईही तीच. बोअरची कामं उन्हाळ्यात आणि पूलची पावसाळ्याच्या तोंडावर. मे महिन्यात फोन केलात तर जागा बघायला लगेच येतो. कोटेशनमध्ये वाळू उपसण्याची मजुरी वेगळी धरलेली असते, आणि घासाघीस सगळी तिथंच होते. ती मजुरी आम्ही कमी करत नाही.